माफ

बसचं मागचं चाक बसलं बार्शी रोडला,
परंड्याच्या अलीकडं, जुन्या करोडगिरी नाक्यापाशी.
स्टेपनी होती, जॅक नव्हता.
मच्छिंद्र डेपोला फोन लावत उन्हात,
प्रवासी लिंबाखाली पांगलेले,
आणि मी, गळ्यात मशीन, पाटी वाचत राहिलो:
स्थानिक इतिहास संग्रहालय. प्रवेश मोफत.
चपला घालून आलात तरी चालेल.

तरी हात खिशात गेलाच.
बावीस वर्षं फुकट चढणाऱ्याला
मी खाली उतरवत आलोय.
टेबलामागून प्रयागबाई म्हणाल्या,
"असूंद्या ओ. पैशे घ्यायचं काम
ह्या खोलीनं लई वर्षं केलंय."

ही खिडकी. हिच्यातून निजामाचा कारकून
गाडीतली पोती मोजायचा.
पलीकडं इंग्रजाची हद्द, अलीकडं ही.
मीठ, कापड, काड्यापेट्या,
सगळ्यांना इथं थांबून तोंड दाखवावं लागे.
हा तराजू. एक पारडं सापडलं नाही,
तिथं कुणाच्या तरी घरची परात टांगलीय
आणि चिठ्ठीवर तसं लिहूनही ठेवलंय.
हा हाली रुपया, हा कलदार,
एका काचेखाली, अजून वटाव ठरायचाय असे.

आतल्या खोलीत अकरा खुर्च्या, एक बाक, थर्मासात चहा.
महिन्याच्या शेवटच्या रविवारी
मेहबूबअली मास्तर इथं जुनं दप्तर वाचतात,
आधी उर्दूत, मग मराठीत,
मग बहिऱ्या बापूरावांसाठी हातवारे करून.
मी दारातच उभा राहिलो. उभं राहायची सवय आहे.

तेलाचे डबे चार, अमुक आणे.
शेळ्या सात, एक लंगडी, तिचाही तेवढाच.
मग मास्तर थांबले, चष्मा पुसला.
"बार्शीहून, पायी. औरत, एक.
टोपली रिकामी.
दोन्ही हातांत बांगड्या, चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी बसतात का कुठं?" पुढची एक पोरगी.
"कोपराच्या वर नेल्या की बसतात,"
बाकावरची म्हातारी म्हणाली,
"मनेरीण असंल. टोपलीतल्या मालाला पट्टी,
आंगावरच्याला न्हाई."
आणि स्वतःचे दोन्ही हात तिनं समोर धरले,
वाकवता न येणारे, ताठ, जड,
जणू सहा कोस तसेच आणलेत.

कारकुनानं मोजल्या असणार
खिडकीतून, एक एक, बोट लावून.
त्याला कळलं नसेल असं नाही.
शेवटच्या रकान्यात लिहिलंय:
पहनी हुई. माफ.

"नाव काय तिचं?" मी दारातून विचारलं.
सगळ्यांनी वळून पाहिलं, मशीनकडं आधी.
मास्तर म्हणाले, "नाव नाही.
पैसे भरले असते तर लिहिलं असतं."

जाताना प्रयागबाईंनी वही पुढं केली.
नाव, गाव, अभिप्राय.
नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढं सुचेना.
"तुमच्याकडं तिकिटाचा जुना चिमटा असंल की,
भोकं पाडायचा? एक कपाट मोकळं आहे आमचं."
"जमा केला," म्हणालो, "डेपोत. कवाच."

केला नाही.
घरी आहे, टीव्हीखालच्या खणात,
सेल आणि लाइट बिलांच्या मधी.
स्प्रिंग अजून कडक आहे.
पोरगी लहान होती तेव्हा तिनं
अख्ख्या कॅलेंडरला भोकं पाडली होती,
गणपती, एकादशी, माझे सुट्टीचे दिवस.

बाहेर हॉर्न वाजला. जॅक आला होता.
प्रवासी मोजले, एकवीस भरले.
एका बाईच्या मांडीवर मोठं गाठोडं होतं,
लगेज लागलं असतं.
मी पुढच्या सीटकडं गेलो.

पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारची
ड्यूटी बदलून मागितलीय.
चिमट्याचं अजून ठरलं नाही.